निम्मी कॉफी घरातच होते

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर पहाटे साडेपाचला कॉफीचा डबा उघडला आणि वास आला कांदा-लसूण चटणीचा. डबा कसला, प्लास्टिकची पिशवी आणि तिला रबर. आदल्या संध्याकाळी घाईघाईत ती चटणीच्या बरणीशेजारी कोंबली होती आणि रात्रभरात चटणीनं आपलं काम केलं होतं. पाणी उकळलेलं, चार मग मांडलेले, दुसरी कॉफी जवळ नाही. मग केली तशीच. एका दोस्तानं पहिला घोट घेतला, जरा थांबला आणि शांतपणे म्हणाला, "झाली की झकास. वर तर्री तेवढी राहिली बघ."

डोंगरात कॉफी बिघडली की आपण वाऱ्याला, स्टोव्हला, नाहीतर पाण्याला दोष देतो. माझ्या जेवढ्या बिघडल्या त्यातल्या बहुतेक आदल्या रात्री कोल्हापुरातच, स्वयंपाकघरात बिघडल्या होत्या. चुकीची पूड, अंदाजानं घेतलेलं माप, विसरलेलं फडकं. म्हणून हा लेख तंबूपाशी सुरू न होता ओट्यापाशी सुरू होतो.

आपण तसे चहाची माणसं. कॉफी म्हटलं की घरात जायफळ किसून केलेली दुधाची, नाहीतर लग्नातली फेटलेली. पण ती आपल्याला अगदीच परकी नाही. शाहू महाराजांच्या काळात पन्हाळा आणि भुदरगड भागात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग झालेले आहेत. आणि कागल ओलांडलं की कर्नाटक लागतं. देशातली बहुतेक कॉफी त्याच राज्यात, चिकमगळूर, कोडगू आणि हासनच्या डोंगरउतारावर पिकते. आपलाच सह्याद्री, थोडा खाली दक्षिणेला. त्यामुळं चांगल्या कॉफीसाठी परदेशी पाकिटाच्या मागं लागायचं काही कारण नाही.

आदल्या रात्री, ओट्यापाशी

आधी पूड. बाजारात 'फिल्टर कॉफी' म्हणून मिळते तिच्यात बहुतेक वेळा चिकोरी असते. ८०:२०, ७०:३०, ६०:४० असे आकडे पाकिटावर असतात, त्यातला दुसरा आकडा चिकोरीचा. चिकोरी हे एक मूळ, भाजून दळलेलं. तिच्यात कॅफिन नसतं, पण रंग आणि घट्टपणा भरपूर येतो. दुधाच्या कॉफीला ती चालते, किंबहुना म्हशीच्या दुधापुढं टिकायला थोडी चिकोरी असलेली बरी. काळी कॉफी पातेल्यात करणार असाल तर मात्र चिकोरी अजिबात नको. ती पाण्यात विरघळते, गाळणीत अडकत नाही आणि मगात गढूळ काढा उतरतो. पाकिटावर '१०० टक्के कॉफी' लिहिलेलं बघून घ्या.

दुसरी गोष्ट भाजणी. भाजल्याची तारीख छापलेलं पाकीट मिळालं तर उत्तम. भाजल्यापासून एक ते चार आठवड्यांतली कॉफी घ्यावी. अगदी कालच भाजलेली असेल तर तिच्यात वायू इतका असतो की पाणी पडताच ती फसफसून वर येते, आणि लहान पातेल्यात ते परवडत नाही. रंगाचं म्हणाल तर डोंगरासाठी मध्यम भाजलेली घ्या. फिकट भाजलेलीला पाणी नेमकं लागतं, वेळ नेमका लागतो, थोडं चुकलं की कच्च्या कैरीसारखी आंबट लागते. काळीकुट्ट भाजलेली उलट, जरा जास्त वेळ राहिली की कडूजहर. मध्यम भाजलेली चूक पोटात घालते.

मग दळणं. इथं सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून घरातलं माप सांगतो. पातेल्यातल्या कॉफीसाठी पूड जाड रव्याएवढी हवी, शिऱ्याला घेतो तो नव्हे, त्याच्याहून एक घर जाड. लापशीच्या दलियाएवढी झाली तर फार जाड झाली, कॉफी फिकी उतरेल. स्टीलच्या दोन मजली फिल्टरसाठी बारीक रवा. मोका पॉटसाठी, म्हणजे वाफेच्या दाबानं कॉफी वर चढवणाऱ्या किटलीसाठी, त्याहून बारीक, पण बोटांत चोळली तर कण जाणवला पाहिजे. पिठीसाखरेसारखी भुकटी डोंगरावर कुठल्याच पद्धतीला उपयोगाची नाही. ती तळाला बसत नाही, फडक्याची भोकं बुजवते आणि शेवटच्या घोटाला दातात येते.

हाताचा ग्राइंडर असेल तर बिया न्या आणि तिथंच दळा. थंडीत चौघांची कॉफी दळताना अंगात ऊब येते, तेवढाच व्यायाम. नसेल तर मिक्सरवर दळता येतं. एकसारखा फिरवू नका. दोन-दोन सेकंदांचे झटके द्या, मध्ये भांडं हलवा, सात-आठ झटक्यांत थांबा आणि मैदा चाळायच्या चाळणीतून चाळून खालची भुकटी बाजूला काढा. ती घरच्या दुधाच्या कॉफीला वापरा. मिक्सरच्या भांड्यात आधी मसाला वाटला असेल तर मूठभर तांदूळ फिरवून ते पुसून घ्या. वरची चटणीची गोष्ट विसरू नका.

आता वजन. काळ्या कॉफीला एक लिटर पाण्याला ६० ग्रॅम पूड, हे पायाचं माप. चौघांसाठी ८०० मिलिलिटर पाणी आणि ५० ग्रॅम पूड धरा. पूड आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणजे १०० मिलिलिटर चोथ्यात राहतं आणि ७०० हाती लागतं. चार मग. घरच्या वजनकाट्यावर ५० ग्रॅमची एकेक पुडी करा आणि एका कॉफीला एक पुडी असा हिशोब ठेवा. पहाटे अंधारात, गार बोटांनी, बॅटरी तोंडात धरून चमचे मोजायची वेळ येऊ नये. काटा नसेल तर पोहे खायचा चमचा सपाट भरून घेतला तर साधारण पाच ग्रॅम येतात.

पुड्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घाला आणि तो डबा मसाल्यापासून, रॉकेलपासून, बुटांपासून लांब ठेवा. कॉफी वास ओढते, त्याहून जास्त ओलावा ओढते. जून ते सप्टेंबरमध्ये गगनबावड्याकडं जात असाल तर डब्याला दुहेरी पिशवी घाला. राज्यात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत ते गाव मोडतं. तिथं काडेपेटी खिशातल्या खिशात मऊ पडते, पुडीचं काय घेऊन बसलात.

बाकी सामान थोडं. जाड बुडाचं पातेलं, त्याला झाकण, सांडशी, लांब दांड्याचा चमचा, चहाची बारीक गाळणी, धुतलेल्या मलमलचं हातभर फडकं आणि स्टीलचे मग. हलकं म्हणून जर्मनचं पातळ पातेलं नेलं तर पाणी उकळेल, पण दूध हमखास लागेल. फडकं नवं असेल तर आधी एकदा साध्या पाण्यात उकळून घ्या, कांजी निघून जाते. साबणानं धुऊ नका, साबणाचा वास कॉफीत पहिल्यांदा येतो.

पाणी

मगात नव्याण्णव टक्के पाणीच असतं, त्यामुळं पाण्याची चव खराब तर कॉफीची चव खराब. माझा नियम साधा आहे: कॉफीचं पाणी घरून न्यायचं. पाच लिटरचा कॅन गाडीत जड होत नाही. बोअरचं जड पाणी असेल तर कॉफी बोथट लागते, आंबटगोडपणा सगळा मरतो. ज्या पाण्यानं किटलीच्या तळाला पांढरा थर धरतो ते पाणी नको.

वाटेत झऱ्याचं पाणी घ्यायची वेळ आली तर फडक्यातून गाळा आणि खळाळून उकळी आल्यावर मिनिटभर तसंच राहू द्या. पठारावरच्या डबक्यांत म्हशी बसतात, ते पाणी दिसायला कितीही निवळ असलं तरी नको. शुद्धीकरणाची गोळी टाकलेल्या पाण्याला क्लोरिनची चव येते. ते पाणी झाकण काढून चांगलं उकळलं तर बरीचशी जाते.

आता तापमान. पुस्तकी नियम सांगतो की कॉफीला ९० ते ९६ अंशांचं पाणी लागतं. समुद्रकाठी पाणी १०० अंशांना उकळतं आणि दर ३०० मीटर चढलं की उकळबिंदू साधारण एक अंशानं उतरतो. कोल्हापूर शहरातच तो ९८ च्या आसपास आहे, पन्हाळ्यावर ९७. म्हणजे आपल्या डोंगरांत उकळी थांबली, पातेलं खाली घेतलं आणि तीस आकडे मोजले की पाणी बरोबर जागेवर येतं. थर्मामीटर लागत नाही. वारा असेल तर वीस मोजा, उघड्या पातेल्यातलं पाणी भराभर निवतं. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांना पाणी पुरेसं तापत नाही ही अडचण असते, आपल्याला ती नाही. आपण उलटी चूक करतो: चहाची सवय म्हणून कॉफीही आल्यासारखी खदाखदा उकळतो. तसं केलं की सुगंध वाफेबरोबर शेजारच्या तंबूत जातो आणि आपल्या वाट्याला नुसता कडवटपणा राहतो.

आग आणि वारा

लहान गॅसचा कॅन आणि त्यावर बसणारं स्टोव्हचं डोकं हे सगळ्यात सोयीचं. २३० ग्रॅमच्या कॅनवर आडोसा नीट असेल तर पंधरा-सोळा लिटर पाणी उकळतं. वाऱ्यात तेवढाच गॅस निम्म्यालासुद्धा पुरत नाही. मसाई पठार म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट मैदान, झाड औषधाला नाही. तिथला वारा ज्योत आडवी करतो आणि पातेल्याचा तळ सोडून तुमचे पाय तापवतो. म्हणून आडोसा हवाच. घडीचा जर्मनचा पत्रा, पाठपिशव्यांची भिंत किंवा गाडीची बाजू, काहीही चालेल. एक मात्र पाळा: कॅन पत्र्यानं चारही बाजूंनी कोंडू नका. कॅन तापला तर फुटू शकतो. वाऱ्याच्या दोन बाजू झाका, बाकी उघड्या ठेवा आणि मधूनमधून कॅनला हात लावून बघा. हात ठेवता येत नसेल तर ताबडतोब बंद.

तंबूत स्टोव्ह लावायचा नाही, पाऊस कितीही असो. कापड पेटायची भीती आहेच. त्याहून वाईट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, ज्याला वास नाही. पावसात बाहेर ताडपत्रीचा तुकडा उंच बांधा आणि त्याच्या कडेला करा.

डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे कॅन गार पडला की ज्योत मलूल होते, कारण आतला ब्युटेन थंडीत नीट वायू होत नाही. आपल्याकडं बर्फ पडत नाही, त्यामुळं तो बंद पडणार नाही, पण वेळ दुप्पट लागतो. रात्री कॅन उघड्यावर ठेवू नका, पाठपिशवीत कपड्यांत गुंडाळा, आणि पेटवायच्या आधी पाच मिनिटं स्वेटरच्या आत धरा. एवढं पुरतं.

चुलीची हौस मलाही आहे. पण राधानगरी अभयारण्यात किंवा वनखात्याच्या कुठल्याही हद्दीत जाळ करायचा नाही, आणि मुक्काम परवानगी असेल तिथंच. जानेवारीनंतर पठारावरचं गवत वाळून कडकडीत होतं, एका ठिणगीनं वणवा लागतो आणि डोंगरच्या डोंगर काळा होतो. पावण्यांच्या शेतात, बांधापासून लांब, मालकाला विचारून तीन दगडांची चूल मांडा. नदीतले ओले गोटे चुलीला घेऊ नका, आतलं पाणी तापून ते फुटतात. लाकूड वाळलेलं आणि अंगठ्याएवढं, पाणी उकळायला मोठ्या ओंडक्याची गरज नसते. आणि पातेल्यावर झाकण ठेवा, नाहीतर कॉफीला धुराचा वास लागतो. काहीजणांना तोच आवडतो म्हणा.

भोगावतीच्या काठानं तंबू टाकणाऱ्यांसाठी जाता जाता: राधानगरी धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक पातळीला आलं की ते आपोआप उघडतात. पावसाळ्यात नदीच्या पात्रात चूल मांडून बसायचं नाही, कॉफी कितीही चांगली होणार असली तरी.

पातेल्यातली काळी कॉफी

हीच माझी नेहमीची. उपकरण काही नाही, त्यामुळं बिघडण्यासारखंही काही नाही. सावकाश सांगतो.

मोजून ८०० मिलिलिटर पाणी पातेल्यात घ्या. लिटरची बाटली असेल तर घरीच तिच्यावर मार्करनं रेघ मारून ठेवा. झाकण घालून उकळा. पाणी तापेपर्यंत मगात थोडं गरम पाणी घालून ते विसळून घ्या. थंडीत स्टीलचा गार मग कॉफीचे दहा अंश एका झटक्यात खातो.

उकळी आली की स्टोव्ह बंद. कमी नाही, बंद. पातेलं सपाट जागी खाली ठेवा, झाकण काढा, तीस मोजा. पुडीतली ५० ग्रॅम पूड एकदम न ओतता पृष्ठभागावर पसरून टाका. ती तरंगते, फुगते आणि तपकिरी फेसाचा एक जाड थर धरते. या क्षणाला नाक जवळ न्या. थर चांगला फुगला तर कॉफी ताजी आहे. नुसतीच ओली होऊन बसली तर पाकीट जुनं आहे, पुढच्या वेळी दुसरं घ्या.

अर्धं मिनिट तसंच ठेवा. मग चमच्यानं सावकाश तीन-चार वेळा ढवळा, सगळी पूड भिजली पाहिजे. झाकण घाला, वर एखादा टॉवेल टाका आणि घड्याळ लावा: चार मिनिटं. मोबाईलवरच लावा, 'अंदाजे' नको. डोंगरावर चार मिनिटं कधी दोन होतात कधी दहा, सूर्य उगवत असला की तर विचारूच नका.

चार मिनिटांनी झाकण काढा. वर अजून थर दिसेल. चमच्यानं तो एकदाच मोडा, म्हणजे अडकलेला वायू सुटतो आणि पूड जड होऊन खाली जायला लागते. आता दोन-तीन चमचे गार पाणी वरून शिंपडा. वरचं पाणी गार होऊन खाली सरकतं आणि आपल्याबरोबर उरलेले कण घेऊन जातं. जुने लोक याला जादू म्हणतील, पण सुगडातलं गढूळ पाणी निवळताना बघितलंय त्यांना नवल वाटणार नाही. आणखी दोन मिनिटं हात लावू नका. हाच टप्पा सगळे गाळतात, आणि मग कॉफीत माती आहे म्हणून ओरडतात.

मग सांडशीनं पातेलं अलगद तिरकं करा आणि गाळणीवर दुहेरी फडकं ठेवून त्यातून मगात ओता. धार बारीक. प्रत्येक मग एकदम काठोकाठ न भरता आधी सगळ्यांत निम्मं-निम्मं आणि मग उलट क्रमानं भरा, नाहीतर पहिल्याला पातळ आणि शेवटच्याला दाट मिळते. तळातलं शेवटचं बोटभर सोडून द्या. तिथं जे आहे ते प्यायचं नसतं.

चव बघून पुढच्या खेपेला दुरुस्ती करा. आंबट, पाणचट लागली तर पूड जाड पडली किंवा पाणी फार निवलं होतं. पुढच्या वेळी वीसच मोजा, किंवा मिनिटभर जास्त ठेवा. कडू आणि जीभ कोरडी करणारी झाली तर उलट: कमी वेळ, जाड पूड. चव बरोबर आहे पण फिकी वाटते, तर वेळ वाढवू नका, पूड पाच ग्रॅम वाढवा. वेळ आणि पूड या दोन वेगळ्या किल्ल्या आहेत, हे एकदा कळलं की बाकी सगळं सोपं.

दूध घालणाऱ्यांसाठी

म्हणजे आपल्यातले दहापैकी आठ. गंगावेशीत उभ्यानं धारोष्ण दूध पिणाऱ्या गावाला काळी कॉफी पाजणं अवघडच. पातेल्यातल्या कॉफीत दूध ओतलं तर ती पाणचट होते. त्यासाठी डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क हवा, आणि त्याला स्टीलचा दोन मजली फिल्टर सगळ्यात भरवशाचा. फुटत नाही, रबर नाही, कागद लागत नाही.

चौघांसाठी वरच्या भांड्यात ४० ग्रॅम पूड, ८०:२० ची. तबकडीनं हलकी दाबा, ठोसू नका. ठोसली तर पाणी खाली उतरतच नाही आणि मग भर थंडीत फिल्टरला चमच्यानं ठोकत बसावं लागतं. उकळून थोडं निवलेलं २०० मिलिलिटर पाणी घाला, आधी थोडं, पूड भिजेपर्यंत, मग उरलेलं. झाकण. वीस-पंचवीस मिनिटांत १२० मिलिलिटरच्या आसपास डिकॉक्शन उतरतं. एका मगाला ३० मिलिलिटर डिकॉक्शन आणि १२० दूध. फिल्टर उन्हात किंवा चुलीच्या उबेत ठेवा, गार वाऱ्यात डिकॉक्शन थंडगार होतं.

म्हशीचं दूध फार दाट, वर साय धरतं आणि कॉफीची चव दाबून टाकतं. तीन वाट्या दुधाला एक वाटी पाणी घाला. गोठ्यातून आणलेलं कच्चं दूध उकळल्याशिवाय वापरू नका. संध्याकाळी आणलं तर तेव्हाच उकळा आणि सकाळी पुन्हा. पिशवीचं दूध न्यायचं असेल तर आदल्या दिवशी फ्रीझरमध्ये गोठवून, वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळून न्या. हिवाळ्यात सकाळपर्यंत चांगलं राहतं. उन्हाळ्यात हा प्रयोग नको, छोटे टेट्रापॅक किंवा दूध पावडर बरी. पावडर थेट गरम कॉफीत टाकली की गुठळ्या होतात. आधी कोमट पाण्यात पेस्ट करा.

दूध उकळताना पातेल्याजवळून हलायचं नाही. लहान स्टोव्हची ज्योत मधोमध लागते, तिथंच दूध करपतं. चमचा फिरवत राहा. एक कढ आला की बस. मग दोन मगांत वरखाली ओतून फेस आणा. जायफळ घालायचं असेल तर दोन-चार वेळा किसणीवर ओढा, तेही संध्याकाळच्या कॉफीला. पहाटे चढायचं असेल तर जायफळ नको, डोळे जड होतात.

गूळ घालायचा का?

कोल्हापुरात राहून साखर कशाला, असं वाटतंच. पण उकळत्या दुधाच्या कॉफीत गूळ टाकला की ती फाटते. राधानगरीकडं मामांच्या शेतात मुक्कामाला होतो तेव्हा मी हौसेनं गुळाचा खडा दगडानं फोडून उकळत्या पातेल्यात टाकला आणि बघता बघता पांढरे कण आणि हिरवट पाणी वेगळं झालं. मामा बघत होते. म्हणाले, "पावणं, पनीर कराय निघालाय काय?"

कॉफी मुळात आंबटसर, त्यात गुळातला आंबटपणा आणि क्षार, वर उकळता जाळ. तिन्ही एकत्र आले की दूध नासतं. उपाय असा: गूळ किसून गरम डिकॉक्शनमध्ये पूर्ण विरघळवा, जाळ बंद, दूध वेगळं गरम करून मिनिटभर निवू द्या आणि मग एकत्र करा. पुन्हा स्टोव्हवर ठेवू नका. एवढं करूनही एखादा गूळ दगा देतो, म्हणून आधी घरी एका कपात करून बघा.

काळ्या कॉफीला मात्र ही भानगड नाही. आणि गुऱ्हाळं सुरू असतील, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तर वाटेतनं बाटलीभर काकवी घ्या. एका मगाला एक चमचा काकवी, काळ्या कॉफीत. हे एकदा करून बघाच. साखरेनं कॉफी नुसती गोड होते. काकवीनं तिला भाजलेल्या उसाचा एक वास येतो.

बाकीच्या पद्धती, थोडक्यात

मोका पॉट चांगला, पण लहान स्टोव्हच्या पायांवर डळमळतो. खालच्या भांड्यात गरमच पाणी घाला आणि ज्योत मंद. फसफस आवाज यायला लागला की लगेच उतरवा. एअरोप्रेस, म्हणजे हातानं दट्ट्या दाबून कॉफी काढायची नळी, हलका, न फुटणारा, धुवायला सोपा, एकट्यानं फिरणाऱ्याला त्याच्यासारखं दुसरं नाही. चौघांत मात्र चार वेळा दाबत बसावं लागतं आणि पहिल्याची पिऊन होईपर्यंत चौथ्याची येत नाही. काचेचा फ्रेंच प्रेस नेऊ नका. नेलात तर कशाला नेला हे पठारावर कळेल.

मार्च ते मेमध्ये, रात्रीसुद्धा उकडतं तेव्हा, जाळच नको. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ८० ग्रॅम जाड पूड घालून बाटली बंद करा आणि तंबूच्या कोपऱ्यात ठेवून झोपा. दहा-बारा तासांनी फडक्यातून गाळा. कडवटपणा जवळजवळ नसतो. गाळल्यावर त्याच दिवशी संपवा.

आणि इन्स्टंटला नाक मुरडायचं कारण नाही. पावसात भिजून आलेल्या माणसाला चार मिनिटं थांबायला सांगणं क्रूरपणा आहे. मगात एक चमचा इन्स्टंट, दोन चमचे साखर आणि चमचाभर पाणी घालून रंग फिका होईपर्यंत फेटा, वर गरम दूध. फेटायचं काम ज्याला जळवा लागल्यात त्याला द्या, तेवढंच लक्ष दुसरीकडं जातं.

आवरताना

चोथा ओढ्यात किंवा झाडाच्या बुंध्यात ओतायचा नाही. फडक्यात पिळून कागदात बांधा आणि परत आणा, घरी कुंडीत मातीत मिसळून टाका. पातेलं आधी कागदानं पुसून घ्या, मग दोन पेले पाण्यात धुऊन होतं. फडकं नुसत्या पाण्यात खळबळून पाठपिशवीला बाहेरून बांधा. ओलं कोंबलं तर पुढच्या खेपेला कुबट वास येतो.

घरी आल्यावर शेवटचं काम. गॅसचा कॅन वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा मार्करनं त्याच्यावरच लिहा. नवा असतानाही लिहा. आत किती उरलंय हे हलवून कळत नाही, फरकावरून कळतं. माझ्या सध्याच्या कॅनवर चार आकडे आहेत: ३७२, ३४५, २८४, २५७. पहिल्या आणि तिसऱ्या सहलीला प्रत्येकी २७ ग्रॅम गेले, मधल्या सहलीला ६१. ती मसाई पठाराची. आडोशाचा पत्रा घरी, स्वयंपाकघराच्या दाराआड खुंटीला राहिला होता.